पीडी-१ : प्रश्न मात्रेचा

कर्करोगावरच्या उपचारांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास लिहायला घेतला, तर पीडी-१ या रिसेप्टरला त्यात मोठी जागा द्यावी लागेल. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशीच्या पृष्ठभागावरचे हे २८८ अमिनो आम्लांचे प्रथिन १९९२ मध्ये पहिल्यांदा नोंदले गेले. २०१४ मध्ये त्याला रोखणारी औषधे बाजारात आली आणि २०१८ मध्ये या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. ही हकीकत बहुधा विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि तो विजय खराच आहे. काही महिन्यांचे सोबती ठरलेले अनेक रुग्ण या औषधांमुळे वर्षानुवर्षे जगले. तरीही मागे वळून पाहताना एक गोष्ट खटकत राहते. हा रिसेप्टर रोखला तर काय होते, हे शेकडो चाचण्यांमधून विचारले गेले. तो रोखायला औषध नेमके किती लागते, हे मात्र फार थोड्यांनी नेटाने विचारले. उत्तराकडे नेणारा पुरावा माणसांवरच्या पहिल्याच चाचणीत हाती आला होता. तो बाजूला पडला आणि त्याचा भुर्दंड ज्यांना बसला, त्यांत आपल्याकडचे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हा प्रश्न पैशांचा आहे असे समजून त्याची बोळवण केली जाते. माझे म्हणणे असे की तो आधी या रिसेप्टरच्या जीवशास्त्राचा आहे, पैशांचा त्यानंतर.

सुरुवात जपानमधल्या क्योटोची. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा हे पेशी मरू लागते तेव्हा कोणती जनुके जागी होतात याचा शोध घेत होते. त्या शोधात पीडी-१चे जनुक सापडले. पेशीच्या मरणाशी त्याचा संबंध वाटला होता तितका सरळ निघाला नाही, आणि हे प्रथिन करते तरी काय, हे पुढची काही वर्षे शोधणाऱ्यांनाही सांगता येत नव्हते. उत्तर उंदरांकडून मिळाले. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले, वाढले, वरवर धडधाकट दिसले. पण वय वाढले तसा त्यांना सांध्यांचा आणि मूत्रपिंडांचा ल्युपससारखा दाह जडला. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याच गटाने दुसऱ्या वाणाच्या उंदरांत हेच केले, तेव्हा सांधे आणि मूत्रपिंडे वाचली, पण हृदय फुगून निकामी झाले. जनुक तेच, उणीव तीच, फटका मात्र वेगळ्या अवयवाला. याच्या शेजारी सीटीएलए-४ हा दुसरा रिसेप्टर ठेवून पाहावा. तो नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच मरतात, कारण त्यांच्या टी-पेशी बेफाम वाढून सगळ्या शरीरावर तुटून पडतात. १९९५ मध्ये हे कळले होते. म्हणजे सीटीएलए-४ हा प्रतिकारशक्तीचा ढोबळ अटकाव, तर पीडी-१ हे बारीक, सावकाश आणि ऊतीगणिक वेगळे काम करणारे नियंत्रण. पीडी-१ला सर्रास प्रतिकारशक्तीचा ब्रेक म्हटले जाते. मला ही उपमा अपुरी वाटते, कारण ती ऐकली की तो एकतर दाबलेला असतो नाहीतर सोडलेला, असेच डोक्यात बसते. होंजोंच्या उंदरांनी दाखवलेले चित्र असे दोन टोकांचे नव्हते. तिथे सगळा खेळ प्रमाणाचा होता.

हे प्रमाण कशाने ठरते, ते समजायला टी-पेशी दुसऱ्या पेशीला भिडते त्या जागेपाशी जावे लागेल. समोरच्या पेशीने मांडलेला प्रथिनाचा तुकडा टी-पेशीच्या मुख्य रिसेप्टरला ओळखीचा वाटला, तर तिला पहिला इशारा मिळतो. सीडी-२८ नावाचा सोबती रिसेप्टर दुसरा देतो. दोन्ही मिळाले की टी-पेशी कामाला लागते, विभागते, विषारी कण सोडते. पण कामाला लागली की तीच टी-पेशी आपल्या अंगावर पीडी-१ उगवू लागते. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ हे त्याचे जोडीदार प्रथिन असेल, तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पीडी-१ची आतली शेपटी एसएचपी-२ नावाच्या विकराला जवळ ओढून घेते. हे विकर आजूबाजूच्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढते आणि त्यांचे इशारे विझवते. त्याचा पहिला घाव मुख्य रिसेप्टरवर पडत असावा असा बराच काळ समज होता. २०१७ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की तो अधिक करून सीडी-२८वर पडतो. आता औषधाकडे येऊ. निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१वर जाऊन बसतात आणि पीडी-एल१ला जागा उरू देत नाहीत. त्यांचे काम एवढेच. टी-पेशीला ती मारत नाहीत, गाठीला शिवतही नाहीत. एका टी-पेशीवर पीडी-१ मोजकेच असतात. ते भरले, की त्यानंतर शिरेतून सोडलेल्या औषधाला बसायला जागाच नसते. ते रक्तात फिरते आणि काही आठवड्यांनी मोडून जाते. पेशीला विष घालणाऱ्या केमोथेरपीचे गणित याहून सर्वस्वी वेगळे आहे. तिथे सहन होईल तेवढी मात्रा वाढवत नेण्यात अर्थ असतो, कारण जास्त विषाने जास्त पेशी मरतात.

रोगातली पीडी-१ची भूमिका १९९९ ते २००६ या सात वर्षांत उलगडली. मेयो क्लिनिकमध्ये लीपिंग चेन यांना पुढे पीडी-एल१ म्हणून ओळखले जाणारे प्रथिन १९९९ मध्ये सापडले. ते पीडी-१चे जोडीदार असल्याचे गॉर्डन फ्रीमन, क्लाइव्ह वुड आणि होंजो यांच्या गटांनी २००० मध्ये दाखवले. अनेक प्रकारच्या गाठी हेच प्रथिन अंगावर मिरवून टी-पेशींना थोपवतात, हे २००२ मध्ये चेन आणि होंजो या दोघांच्या प्रयोगांतून निघाले. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा कर्करोगाच्या अभ्यासातला नव्हता, विषाणूंच्या अभ्यासातला होता. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मूळचे हैदराबादचे रफी अहमद यांच्या गटाने, शरीरात ठाण मांडून बसणाऱ्या विषाणूशी झुंजताना उंदरांच्या टी-पेशी हळूहळू थकतात आणि त्या थकव्याची खूण म्हणजे पीडी-१, हे २००६ मध्ये दाखवले. ही जोडी तोडली की थकलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहिल्या. त्याच वर्षी एचआयव्ही रुग्णांच्या टी-पेशींतही असाच प्रकार आढळला. अहमद यांच्या त्याच शोधनिबंधात आणखी एक प्रयोग होता, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. जन्मतःच पीडी-एल१ नसलेल्या उंदरांना तोच चिवट विषाणू टोचला, तेव्हा ते बरे झाले नाहीत, मेले. आणि विषाणूने नव्हे, स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेल्या नासधुशीने. टी-पेशींचा थकवा म्हणजे नुसता बिघाड नाही. संसर्ग हटत नसेल तर निदान शरीर तरी वाचावे, म्हणून केलेली ती तडजोड आहे.

माणसांवरची पहिली चाचणी २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ओनो ही जपानी आणि मेडारेक्स ही अमेरिकी कंपनी यांनी मिळून तयार केलेले प्रतिपिंड, म्हणजेच पुढचे निव्होलुमॅब, ३९ रुग्णांना दिले गेले. दर किलो वजनामागे ०.३, १, ३ आणि १० मिलिग्रॅम अशा चार पायऱ्या होत्या. २०१० मध्ये ज्युली ब्राह्मर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. एकाच्या आतड्याच्या कर्करोगाची गाठ पूर्ण विरली, दोघांच्या गाठी आक्रसल्या, आणि साहजिकच सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. पण त्याच निबंधात एक मोजमाप होते. रक्तातल्या टी-पेशींवरचे सत्तर टक्क्यांहून अधिक पीडी-१ औषधाने भरलेले होते, ते एका मात्रेनंतर दोन महिने किंवा अधिक तसेच राहिले, आणि हे चारही पायऱ्यांवर सारखेच होते. ०.३ मिलिग्रॅमवर जेवढे रिसेप्टर भरले, तेवढेच १० मिलिग्रॅमवर. साठ किलोच्या माणसाला ०.३ प्रमाणे १८ मिलिग्रॅम औषध लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे मुंबईत पुन्हा भेटणार आहे. दोन वर्षांनी, जून २०१२ मध्ये, सुझॅन टोपालियन यांनी २९६ रुग्णांची मोठी चाचणी मांडली. मेलॅनोमाच्या २८, मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या २७ आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १८ टक्के रुग्णांत गाठी आक्रसल्या होत्या, आणि याच आकड्यांनी कर्करोगशास्त्राची दिशा बदलली. मेलॅनोमाच्या रुग्णांची मात्रेनुसार फोड २०१४ मध्ये आली. सर्वांत कमी, ०.१ मिलिग्रॅमच्या पायरीवर १७ पैकी ६ जणांना गुण आला होता. सर्वांत वरच्या, शंभरपट मोठ्या १० मिलिग्रॅमच्या पायरीवर २० पैकी ४ जणांना. गट लहान आहेत, त्यामुळे कमी मात्रा अधिक चांगली असा अर्थ काढता येत नाही. पण मात्रा शंभरपट वाढवूनही गुण वाढताना दिसत नाही, एवढे हे आकडे सांगतातच.

मग दर किलोला ३ मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, ही मात्रा का ठरली? यामागे कंपन्यांचा केवळ लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. फुप्फुसाच्या कर्करोगात १ मिलिग्रॅमच्या गटात अवघ्या ३ टक्क्यांना गुण आला, ३ मिलिग्रॅमवर २४ टक्क्यांना आणि १० मिलिग्रॅमवर २० टक्क्यांना. या आकड्यांपुढे १ मिलिग्रॅम निवडण्याचे धाडस कोणी केले नसते. शिवाय मात्रा वाढवली म्हणून दुष्परिणाम त्या प्रमाणात वाढत नव्हते. सहन होणारी कमाल मात्रा सापडलीच नाही. अशा वेळी थोडे जास्त देण्यात रुग्णाला धोका नाही आणि कमी पडण्याची भीतीही नाही, असा विचार झाला. २०१४ मध्ये हा विचार समजण्यासारखा होता. माझा आक्षेप त्यानंतरच्या वर्षांवर आहे. मंजुरी मिळाल्यावर मात्रा खाली आणून पाहण्याऐवजी ती सोयीसाठी गोल आकड्यांत बसवली गेली. निव्होलुमॅबसाठी सरसकट २४० मिलिग्रॅम, पुढे चार आठवड्यांना ४८०. पेम्ब्रोलिझुमॅबचे उदाहरण जास्त बोलके आहे. २०१४ मध्ये मेलॅनोमाच्या १७३ रुग्णांत दर किलोला २ आणि १० मिलिग्रॅम यांची थेट तुलना झाली आणि दोन्ही गटांत २६ टक्क्यांनाच गुण आला. म्हणून २ मिलिग्रॅम मंजूर झाले, ते योग्यच. नंतर मात्र त्याची जागा सगळ्यांना एकच २०० मिलिग्रॅमने घेतली. पंचावन्न किलोच्या माणसाला वजनाप्रमाणे ११० पुरले असते. कॅनडाच्या प्रांतांनी हे ओळखून वजनाप्रमाणे, पण २००च्या वर नाही, असा नियम ठेवला. आपल्याकडच्या रुग्णांचे सरासरी वजन पाश्चात्त्य रुग्णांहून कमी असताना आपण तो गोल आकडा तसाच उचलला, याचे मला वाईट वाटते.

पुढच्या दशकात या औषधांची व्याप्ती झपाट्याने वाढली. हॉजकिन्स लिम्फोमाच्या २३ रुग्णांपैकी ८७ टक्क्यांना गुण आल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. या गाठीच्या पेशींत पीडी-एल१च्या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्यामुळे हे यश कारणासकट समजले. डीएनएच्या चुका दुरुस्त न करू शकणाऱ्या गाठींना पेम्ब्रोलिझुमॅब, मग ती गाठ कुठल्याही अवयवाची असो, ही मंजुरी अमेरिकेत २०१७ मध्ये मिळाली. अवयव न पाहता औषध मंजूर होण्याची तिथली ती पहिलीच वेळ. न्यूयॉर्कमध्ये अशाच प्रकारच्या गुदाशयाच्या कर्करोगात दोस्तार्लिमॅब हे पीडी-१ रोखणारे प्रतिपिंड दिलेल्या पहिल्या बाराच्या बारा रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेविना नाहीशी झाली, ती बातमी २०२२ची.

या यशाच्या बाजूने दुसरी नोंदवही भरत होती, आणि तिच्यातल्या नोंदी १९९९ आणि २००१च्या उंदरांची आठवण करून देणाऱ्या होत्या. थायरॉइड, आतडी, फुप्फुसे, स्वादुपिंड, जिथे म्हणून पीडी-१ शरीराला शरीरापासून जपत होता, तिथे तिथे काही रुग्णांत दाह उसळला. काहींना कायमचा मधुमेह जडला. हृदयाच्या स्नायूचा दाह विरळा, पण झाला तर अनेकदा जीवघेणा. पीडी-१ आणि सीटीएलए-४ दोन्ही एकदम रोखलेल्या दोन रुग्णांत तो वेगाने उसळून जीव घेऊन गेल्याचे २०१६ मध्ये नोंदले गेले. क्योटोच्या उंदरांचे हृदय निकामी होऊन तोवर पंधरा वर्षे लोटली होती. प्रौढ टी-पेशींच्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगात निव्होलुमॅब दिल्यावर आजार आवरण्याऐवजी भडकल्याचे २०१८ मध्ये दिसले, कारण तिथे गाठच टी-पेशींची असते आणि पीडी-१ तिला आवरून धरत असतो. आपल्या देशासाठी सर्वांत महत्त्वाची नोंद क्षयरोगाची. पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाच्या जंतूंपुढे लवकर हार खातात. हे उलटे वाटते, प्रतिकार मोकळा सुटल्यावर जंतू मरायला हवेत. पण मोकाट दाह फुप्फुस पोखरतो आणि जंतूंचे फावते. जन्मतः पीडी-१ नसलेल्या एका मुलाची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याला क्षयही झाला होता आणि मधुमेहासह स्वयंप्रतिकाराचे अनेक आजारही, आणि अखेर फुप्फुसांच्या दाहाने तो दगावला. याच माहितीचा विधायक उपयोगही होऊ शकतो. पीडी-१ रोखण्याऐवजी त्याला चालना देणारे प्रतिपिंड संधिवाताच्या रुग्णांना काही प्रमाणात आराम देते, असे २०२३ मध्ये एका प्राथमिक चाचणीत आढळले. एकाच रिसेप्टरला एका रुग्णात रोखायचे आणि दुसऱ्यात चेतवायचे, असे ज्याचे काम आहे, तो किती प्रमाणात रोखायचा हे न विचारता पुढे जाणे मला शास्त्रीय वृत्तीला धरून वाटत नाही.

हा प्रश्न परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने विचारला, याला कारण तिथल्या बाह्यरुग्ण विभागातले वास्तव. ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे, आणि तंबाखू, गुटखा, सुपारी हे त्यामागचे मोठे कारण आहे. यातले पुष्कळ जण येतात तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते, किंवा एकदा बरा झालेला आजार उलटलेला असतो. अशा रुग्णांत निव्होलुमॅबचा उपयोग होतो हे २०१६ पासून माहीत होते. ३६१ रुग्णांच्या त्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले होते. पण पूर्ण मात्रेचा महिन्याचा खर्च लाखांत जातो, आणि टाटाच्या डॉक्टरांनीच लिहिल्याप्रमाणे आपल्यासारख्या देशांत शंभरातल्या जेमतेम एक ते तीन रुग्णांनाच हे उपचार मिळतात. तिथल्या विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या (त्यात तोंडाचाही येतो) १५१ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडावाटे घ्यायच्या, तुलनेने स्वस्त गोळ्या, आणि एका गटाला शिवाय दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. ऑक्टोबर २०२२ मध्ये निष्कर्ष आले. वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले, आयुर्मानाचा मध्यांक ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर नेहमीच्या पद्धतीत ७२० मिलिग्रॅम औषध जाते आणि इथे ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. आणि २० मिलिग्रॅम म्हणजे पन्नास-साठ किलोच्या माणसाला साधारण तीच ०.३ची पायरी, जिच्यावर रिसेप्टर भरलेले राहतात हे २०१० मध्येच मोजले गेले होते.

प्रत्यक्षात हे कसे घडते, तेही पाहण्यासारखे आहे. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची, चार मिलिलिटरची येते. तिच्यात औषध टिकवणारा जंतुरोधक पदार्थ नसतो, त्यामुळे ती एकदा टोचली की उरलेले औषध उद्यासाठी ठेवता येत नाही. २० मिलिग्रॅम म्हणजे दोन मिलिलिटर, म्हणजे एका कुपीत दोन रुग्ण. दोघांना एकाच दिवशी बोलवायचे, निर्जंतुक कक्षात सिरिंजने दोन-दोन मिलिलिटर काढून दोन स्वतंत्र सलाईनच्या पिशव्यांत मिसळायचे, आणि दोघांनाही लावायचे. दुसरा रुग्ण आला नाही तर अर्धी कुपी वाया जाते. मोठ्या, गजबजलेल्या रुग्णालयात हे जमते; तालुक्याच्या गावी, जिथे महिन्यात असे दोन रुग्ण येतील की नाही याची खात्री नाही, तिथे हीच स्वस्त मात्रा प्रत्यक्षात दुप्पट महाग पडते. म्हणून कमी मात्रेची चर्चा कुपीच्या आकाराची चर्चा केल्याशिवाय पुरी होत नाही. कुपी कितीची असावी हे उत्पादक ठरवतो, आणि तो ती त्याच्या मंजूर मात्रेच्या हिशेबाने ठरवतो.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला असा, की मुंबईच्या चाचणीत पूर्ण मात्रेचा गट नव्हता. थोडे निव्होलुमॅब अजिबात नसण्यापेक्षा चांगले, एवढेच तिने सिद्ध केले; थोडे हे पूर्णाइतकेच चांगले, हे नाही. हे शंभर टक्के खरे आहे, आणि ४३.४ व ३६ हे दोन वेगळ्या चाचण्यांतले, वेगळ्या रुग्णांचे आकडे शेजारी ठेवून जे उत्साहाने बोलतात ते चूक करतात. पण ज्या रुग्णापुढे पूर्ण मात्रेचा पर्याय उभाच नाही, त्याच्यासाठी प्रस्तुत तुलना तीच होती जी टाटाने केली. दुसरा आक्षेप जीवशास्त्राचा. रक्तातल्या टी-पेशींवरचे रिसेप्टर भरले म्हणून गाठीच्या आत खोलवर शिरलेल्या टी-पेशींवरचेही भरले असतील असे नाही. गाठीतला रक्तपुरवठा वाकडातिकडा असतो आणि औषध तिथवर कमी पोहोचते. फुप्फुसाच्या कर्करोगातले ते ३ टक्के याच कारणाने असू शकतात. मी हा आक्षेप सर्वांत गंभीर मानतो. त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवण्यासारखे पुरावे आहेत, पण लहान आहेत. कोरियात ४७ रुग्णांच्या फुप्फुस कर्करोगाच्या मागोव्यात कमी मात्रा घेतलेल्यांची स्थिती पूर्ण मात्रेवाल्यांपेक्षा वाईट नव्हती, आणि रशियात हॉजकिन्स लिम्फोमाच्या ३० रुग्णांना ४० मिलिग्रॅमवर ७० टक्के प्रतिसाद मिळाला. यावरून मी असे म्हणेन की एकच किमान मात्रा सगळ्या गाठींना लागू पडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या गाठीत टी-पेशी आधीच शिरून बसलेल्या आहेत तिथे थोडके पुरेल, जिथे नाहीत तिथे कदाचित नाही. हे गाठीगणिक तपासावे लागेल.

तिसरा आक्षेप असा, की एकदा कमी मात्रा मान्य केली की काटकसरीला सीमा राहणार नाही. याला आधार आहे. निव्होलुमॅब वर्षभरानंतर थांबवावे की चालू ठेवावे, हे फुप्फुसाच्या कर्करोगात तपासले गेले, तेव्हा थांबवलेल्यांची स्थिती चालू ठेवलेल्यांपेक्षा वाईट निघाली. म्हणजे कमी काळ आणि कमी मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पीडी-१च्या वागण्याशी हे जुळतेही. रिसेप्टर पुन्हा मोकळे झाले की टी-पेशी पुन्हा थकतात. ते भरलेले राहणे महत्त्वाचे, कितीने भरले ते नाही. चौथा आक्षेप मनाला लागणारा आहे. श्रीमंत देशांना पूर्ण औषध आणि गरिबांना चिमूटभर, ही दुय्यम वागणूक आपण शास्त्राच्या नावाखाली पत्करतो आहोत का? मला उलटे वाटते. रिसेप्टर भरल्यानंतरचे औषध जर खरोखर निरुपयोगी असेल, तर ज्याच्या विम्याने त्याचे पैसे भरले त्याचेही ते वायाच गेले. म्हणूनच नेदरलँड्समध्ये, जिथे औषध सगळ्यांना मिळते, तिथेही पेम्ब्रोलिझुमॅबच्या कमी मात्रेची चाचणी हाती घेतली गेली आहे, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने कर्करोगाच्या औषधांची मात्रा सहन होईल तेवढी नव्हे तर लागेल तेवढी ठरावी, यासाठी २०२१ पासून ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ सुरू केला आहे. त्याचा भर मुख्यतः येऊ घातलेल्या औषधांवर आहे. जी औषधे आधीच मंजूर झाली, त्यांची मात्रा पुन्हा तपासायची जबाबदारी सहसा कोणावरच नसते.

पूर्ण आणि कमी मात्रेच्या तुलनेची मोठी चाचणी कोणती कंपनी करील? स्वतःच्या औषधाचा खप अठरापटीने घटवू शकणाऱ्या चाचणीला कोणी पैसे द्यावेत, ही अपेक्षा भाबडी आहे. निव्होलुमॅबच्या भारतीय पेटंटची मुदत २ मे २०२६ पर्यंतची. त्याच्या बायोसिमिलरवरून, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच औषधावरून, दिल्ली उच्च न्यायालयात खटलाही चालला. बायोसिमिलरने किंमत उतरते, पण पूर्ण मात्रेचा बोजा त्याने आपोआप सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येत नाही. म्हणून हे काम सार्वजनिक संस्थांचेच आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून उभे राहिलेले नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या रुग्णालयांना एकत्र बांधते आणि त्यांच्यासाठी औषधांची एकत्रित खरेदीही करते. डोके-मानेच्या कर्करोगाचे इतके रुग्ण एका जाळ्यात जगात क्वचितच कुठे असतील. पूर्ण मात्रा आणि २० मिलिग्रॅम यांची समोरासमोर तुलना करायला लागणारी रुग्णसंख्या तिथे आहे. त्याच चाचणीत, ज्यांची संमती असेल त्यांच्या गाठीचा तुकडा उपचारापूर्वी आणि नंतर घेऊन, आतल्या टी-पेशींवरचे किती पीडी-१ भरले हे मोजता येईल. रक्तातले मोजमाप ३९ रुग्णांत झाले, त्याला आता दीड दशक उलटले. गाठीच्या आतले मोजमाप हाच दुसऱ्या आक्षेपावरचा खरा निवाडा आहे, आणि तो कमी मात्रेच्या विरुद्ध गेला तर टाटाची २० मिलिग्रॅमची मात्राही त्याप्रमाणे बदलावी लागेल.